गिझर कढत, नळ गरम, शॉवर मात्र कोमट: मिक्सर कसा जुळवायचा

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, १५ लिटरचा गिझर, भिंतीत गाडलेला एका हँडलचा डायव्हर्टर (गरम-थंड पाणी मिसळून ते नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा मिक्सर). हँडल गरमकडे शेवटपर्यंत फिरवलं तरी शॉवरला कोमट पाणी, खालच्या नळाला मात्र बऱ्यापैकी गरम. डायव्हर्टरमध्ये काही ॲडजस्टमेंट असते का, आणि ती घरी करता येते का?

असते, आणि घरी करता येते. पुढे ती सविस्तर सांगतो. पण तुमच्या वर्णनातली एक खूण महत्त्वाची आहे. हँडल जागचं हललेलं नाही, तरी नळाला गरम आणि शॉवरला कोमट येतंय. दोष फक्त त्या ॲडजस्टमेंटमध्ये असता तर दोन्हीकडे सारखंच कोमट आलं असतं. म्हणून हँडल उघडण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. नाहीतर ॲडजस्टमेंट करूनही शॉवर कोमटच राहील आणि डायव्हर्टरच बदला असा सल्ला मिळेल. त्यात टाइल्स फुटतात.

मिक्सर पाणी तापवत नाही, तो फक्त विसण घालतो. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चांगलंच गार होतं (२९ डिसेंबर २०१८ ला इथे हवेचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता). टाकीतलं पाणी १६ अंश, गिझरमधलं ६० अंश आणि अंगावर ४० अंश हवं असं धरा. मग येणाऱ्या पाण्यात साधारण ५५ टक्के गरम आणि ४५ टक्के थंड लागतं. गिझर ५० अंशांवरच असेल तर गरमचा वाटा ७० टक्क्यांवर जातो. आणि गिझर ६० अंशांवर असूनही दोन वाटे थंड, एक वाटा गरम असं मिसळलं तर हाती येतं ३०-३१ अंशांचं पाणी, म्हणजे तुमची तक्रार. गिझरचं तापमान जितकं महत्त्वाचं, तितकंच गरम लाइनमधून मिनिटाला किती लिटर पाणी येतं हेही महत्त्वाचं. बहुतेक घरांत घोळ या दुसऱ्या गोष्टीचा असतो.

आधी मोजा

एक डिजिटल थर्मामीटर (स्वयंपाकघरातला चालेल), १० लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एवढं पुरे. गिझरचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅटने बंद करेपर्यंत थांबा. २००० वॉटच्या हीटरला १५ लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २२ मिनिटं लागतात, २५ लिटरला ३७. दहा मिनिटांत बटण बंद करून ‘गिझर तापत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

आता हँडल पूर्ण गरमकडे ठेवून खालचा नळ सोडा. पहिलं दोन-तीन लिटर पाणी पाइपात थंड झालेलं असतं, ते बादलीत जाऊ द्या. मग स्टीलच्या तांब्यात पाणी धरून तापमान बघा. तेच शॉवरवर करा. नंतर वॉश बेसिनचा गरम नळ एकटा सोडून तिथेही बघा. बेसिनला ५५-६० आणि मिक्सरच्या नळाला व शॉवरला दोन्हीकडे ३५ आलं, तर दोष मिक्सरच्या आत आहे: मर्यादा कडी (हँडल गरमकडे किती फिरेल हे ठरवणारी) किंवा कार्ट्रिज (हँडलखालचा, पाणी मिसळणारा आतला भाग). तिन्हीकडे ५० च्या खाली आलं, तर गिझरकडे वळा किंवा खाली सांगितलेली उलट शिरकावाची चाचणी घ्या. नळाला गरम आणि शॉवरला कोमट, म्हणजे तुमच्यासारखं आलं, तर दाबाचा फरक.

त्याच बादलीने प्रवाह मोजा. हँडल पूर्ण गरमकडे, १० लिटर भरायला किती सेकंद. मग पूर्ण थंडकडे, किती सेकंद. गरमला दीड मिनिट आणि थंडला ४५ सेकंद लागत असतील तर थंडचा प्रवाह गरमच्या दुप्पट आहे. दोन्ही आकडे लिहून ठेवा, प्लंबरला बोलवायची वेळ आली तर ते सगळ्यात उपयोगी पडतात.

नळ आणि शॉवर यांतला दीड मीटर

वरच्या मजल्यावर दाब किती असतो ते एकदा मोजून पाहू. छत ३ मीटरवर, टाकीचा तळ गच्चीपासून १ मीटर उंच, शॉवर फरशीपासून २.१ मीटरवर. म्हणजे शॉवरच्या वर टाकीचा तळ जेमतेम १.९ मीटर, दाब ०.१९ बार (बार हे दाबाचं माप, साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याएवढं). खालचा नळ ६० सेंटिमीटरवर असेल तर त्याला ३.४ मीटर मिळतात, ०.३४ बार. भिंतीतल्या डायव्हर्टरला नीट चालायला बहुतेक कंपन्या किमान ०.५ बार सांगतात. वरच्या मजल्यावर तो दाब नुसत्या उंचीने मिळतच नाही.

दाब दोन्ही लाइनींना सारखाच कमी असता तर धार बारीक झाली असती, पण गरम-थंडाचं प्रमाण फारसं बिघडलं नसतं. प्रमाण बिघडतं ते दोघींचे दाब वेगळे असतात तेव्हा. गरम पाणी गिझरमधून येतं: आधी अँगल कॉक (भिंतीतून निघणारा बंद-चालू करायचा छोटा नळ), मग फ्लेक्झिबल नळी, मग मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह (गिझरच्या तोंडावरचा, जादा दाब बाहेर काढणारा), मग टाकी, परत नळी, मग अर्ध्या इंची पाइप. थंड पाणी मात्र सरळ येतं. त्यातून कुणी थंड लाइनवर तेवढाच प्रेशर पंप बसवला असेल, किंवा मिक्सरची थंड बाजू थेट महापालिकेच्या लाइनवर आणि गिझर गच्चीच्या टाकीवर असेल, तर थंड बाजूला १.५-२ बार आणि गरम बाजूला पाव बार अशी विषम झुंज होते.

आता शॉवरची जाळी क्षाराने अर्धी बुजलेली आहे असं समजा. पाणी बाहेर पडायला जागा नाही, म्हणून मिक्सरच्या पोटात उलटा दाब चढतो. कमजोर बाजू, म्हणजे गरम पाणी, तिथेच अडतं आणि जोरदार थंड पाणी पुढे जातं. खालच्या नळाचं तोंड मोकळं असल्याने तिथे हा उलटा दाब चढत नाही आणि गरम व्यवस्थित येतं. तुमच्या कोड्याचं उत्तर बहुधा हेच आहे.

म्हणून पहिलं काम शॉवरचं. डोकं हाताने किंवा पान्याला कापड गुंडाळून सोडवा. एक लिटर कोमट पाण्यात ४०-५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, विरघळवून त्यात अर्धा ते एक तास बुडवून ठेवा. मग जुन्या टूथब्रशने घासा आणि रबराची छिद्रं अंगठ्याने चोळा. काळ्या किंवा सोनेरी फिनिशला दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. फरशी धुण्याचं बाथरूम ॲसिड तर क्रोमवर कधीच वापरू नका, मुलामा खड्डे पडून उडतो. शहराच्या कडेला बेसा, हुडकेश्वरकडे ज्या इमारती बोअरवेलवर चालतात तिथलं पाणी जड असतं. तिथे ही सफाई दर तीन-चार महिन्यांनी करावी लागेल. शॉवर काढलेला असतानाच नुसत्या उघड्या पाइपातून पाणी सोडून तापमान मोजा. ते नळाएवढं आलं तर गुन्हेगार सापडला.

त्यानंतर गिझरखालचा अँगल कॉक. तो अर्धवट उघडा सापडण्याचं प्रमाण चकित करणारं आहे, कारण बसवताना धार तपासायला तो थोडाच उघडतात आणि तसाच राहतो. पूर्ण उघडा. फ्लेक्झिबल नळी वळून चेपली आहे का बघा. नळी जुनी असेल तर आतलं रबर फुगून वाट अरुंद होते आणि बाहेरून जाळी धडधाकट दिसते, म्हणून गरम बाजूची नळी आधी बदला. मल्टिफंक्शन व्हॉल्व्हमध्ये क्षार साचला की गिझरला पाणीच कमी मिळतं. तो खोलून साफ करता येतो, पण जुना असेल तर नवाच घ्या. एक ताकीद: पाणी तापताना त्या व्हॉल्व्हमधून थेंब पडणं हे त्याचं काम आहे, फुगलेल्या पाण्याचा दाब तो बाहेर काढतो. थेंब पडतात म्हणून त्याच्या तोंडाला प्लग मारणं म्हणजे गिझरचा बॉम्ब करणं. असं कुठे केलेलं दिसलं तर आज काढा.

एवढं करूनही थंड वरचढ ठरत असेल, तर थंड बाजूचा स्टॉप कॉक पाव-पाव फेरा बंद करत जा आणि प्रत्येक वेळी तापमान बघा. हा तात्पुरता पण चांगला उपाय आहे. धार थोडी कमी होईल. कायमचा उपाय म्हणजे पंप थंड फाट्यावरून काढून टाकीच्या मुख्य आउटलेटवर बसवणं, म्हणजे गिझर आणि मिक्सर दोघांना एकच दाब मिळेल. तसं करण्याआधी तुमचा गिझर किती बारचा दाब सोसतो हे पाटीवर बघा, साठवणीचे बरेचसे ८ बारपर्यंतचे असतात.

थंड पाणी उलटं शिरतंय का?

ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि फार थोडे लोक करतात. गिझरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद करा. गिझरचा थंड पाणी आत घेणारा अँगल कॉक पूर्ण बंद करा. आता बेसिनचा गरम नळ सोडा. थोडं पाणी येऊन थांबलं पाहिजे. धार थांबतच नसेल, तर ते पाणी गिझरमधून येत नाहीये. घरातल्या कुठल्यातरी मिक्सरमधून थंड लाइनचं पाणी गरम लाइनमध्ये शिरतंय. नेहमीचे संशयित दोन: दोन्ही चाव्या उघड्या ठेवून फक्त हँड शॉवरच्या बटणाने बंद केलेला मिक्सर, आणि सील झिजलेलं कार्ट्रिज. एकेका मिक्सरचे स्टॉप कॉक बंद करत जा, ज्याच्यावर धार थांबेल तो दोषी. हँड शॉवर बटणाने नाही, मिक्सरवरच बंद करायची सवय लावा आणि त्या मिक्सरच्या दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारे) बसवून घ्या. भिंतीत गाडलेल्या काही बॉडींमध्ये ते आतच असतात, पण कचऱ्याने अडकून उघडे राहतात.

आता ती ॲडजस्टमेंट

एका हँडलच्या बऱ्याच मिक्सरमध्ये कार्ट्रिजच्या डोक्यावर प्लास्टिकची दातेरी कडी असते. हँडल गरमकडे किती फिरू द्यायचं, हे ती ठरवते. लहान मुलाने हँडल ओढलं तरी भाजू नये म्हणून काही कंपन्या ती थोडी आवळूनच पाठवतात. स्वस्त मॉडेलमध्ये ही कडी नसतेही, तेव्हा उघडून दिसली नाही तर शोधत बसू नका.

कार्ट्रिज काढायचं नसल्याने खरं तर पाणी बंद करायची गरज नाही, पण पहिल्यांदा करत असाल तर बंदच करा. सांडपाण्याच्या जाळीवर कापड टाका, तो बारीक स्क्रू एकदा गेला की मिळत नाही. हँडलवरची लाल-निळी टिकली नखाने किंवा पातळ सुरीने उचला. आत ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) असतो, बहुतेकदा २.५ किंवा ३ मिमीच्या ॲलन कीचा. चपट्या स्क्रूड्रायव्हरने जबरदस्ती केली तर त्याचे कोपरे झिजतात आणि मग ड्रिल मारावं लागतं. स्क्रू पूर्ण काढू नका, दोन-तीन फेरे सैल करा आणि हँडल सरळ बाहेर ओढा. क्षाराने धरून ठेवलं असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड पंधरा-वीस मिनिटं गुंडाळून ठेवा. पकडीने पिळू नका, कार्ट्रिजची मान मोडते.

हँडल निघाल्यावर गोल झाकण हाताने उलटं फिरवून काढा. मधे उभी दांडी आणि तिच्याभोवती लाल, पांढरी किंवा करडी कडी दिसेल. तिची आत्ताची जागा मार्करने खुणावा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कडी चपट्या स्क्रूड्रायव्हरने वर उचला, एक दात फिरवा, पुन्हा दाबून बसवा. दिशा कोणती हे मॉडेलवर अवलंबून असतं. कडीवर अधिक-उणे किंवा बाण असेल तर तो पाहा, नसेल तर हँडल नुसतं अडकवून गरमकडची फेक वाढली की कमी झाली ते बघा. मग पाणी दोन-तीन मिनिटं सोडून थर्मामीटर लावा. एकदम तीन-चार दात फिरवणं टाळा.

हँडल शेवटपर्यंत गरमकडे असताना ४३ ते ४५ अंश, एवढंच लक्ष्य ठेवा. घरात लहान मूल किंवा वयस्कर आजी-आजोबा असतील तर ४१-४२ वर थांबा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं आणि म्हाताऱ्या माणसाचा हात तेवढ्या चपळाईने मागे येत नाही. उन्हाळ्यात ही कडी परत मागे घ्या. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं असतं की ‘थंड’ बाजू विसण घालायच्या कामाची राहत नाही.

कडी फिरवून काहीच फरक पडला नाही आणि प्रवाह चाचणीत गरम बाजू मंद होती, तर कार्ट्रिजच्या सिरॅमिक चकत्यांमध्ये किंवा त्याखालच्या भोकात कचरा आहे. इथे पाणी बंद करावंच लागतं, आणि बंद केल्यावर नळ उघडून पाइपातला दाब काढून टाका. पितळी नट पान्याने सोडवा, कार्ट्रिज सरळ वर ओढा. बॉडीतली दोन आत येणारी भोकं बघा, टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि वाळू तिथेच सापडते. समोर बादली धरून गच्चीवरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडा, दाबाने कचरा बाहेर पडेल. रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल तेल किंवा गाडीचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. नट बसवताना हँडल जड होईल इतका आवळू नका. कार्ट्रिज बदलायचं ठरलं तर जुनं सोबत घेऊनच इतवारीत लोहाओळीला किंवा कंपनीच्या दुकानात जा. ३५ आणि ४० मिमी हे दोन आकार सर्रास मिळतात, पण खालच्या खुंट्यांची जागा आणि दांडीची उंची कंपनीगणिक बदलते. फोटो दाखवून आणलेलं कार्ट्रिज हमखास परत न्यावं लागतं.

दोन चाव्यांचा जुना वॉल मिक्सर असेल तर कडी वगैरे नसते. गरम चावीचं स्पिंडल काढून वॉशर पाहायचा. वॉशर सुटून वाटेत आडवा आला की चावी कितीही फिरवली तरी पाणी वाढत नाही. महाल, इतवारीच्या जुन्या घरांत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असतील तर गंजाच्या पापुद्र्यांनीही गरम बाजू तुंबते, कारण गंज आणि क्षार दोन्ही गरम पाण्यात लवकर वाढतात. थर्मोस्टॅटिक मिक्सर (ठरवलेलं तापमान आपोआप राखणारा) असेल तर ३८ चं बटण दाबून पुढे फिरवता येतं. ३८ वर ठेवूनही ३४ येत असेल तर हँडल काढून आतली दांडी ३८ अंश येईपर्यंत फिरवायची आणि हँडल ३८ च्या खुणेवर परत बसवायचं.

गिझरकडे कधी वळायचं

पहिली दोन मिनिटं छान गरम आणि मग कोमट, अशी तक्रार असेल तर मिक्सर निर्दोष आहे. १५ लिटरच्या गिझरमधून नवं थंड पाणी मिसळण्याआधी साधारण १२ लिटर खरं गरम पाणी मिळतं. ६० अंशांच्या त्या पाण्यातून ४० अंशांचं २२ लिटर तयार होतं. शॉवर मिनिटाला ९ लिटर सोडत असेल तर अडीच मिनिटांत खेळ संपतो, मोठ्या रेन शॉवरला त्याहून लवकर. बादलीने आंघोळ करणाऱ्याला १५ लिटर पुरतो, शॉवरखाली उभं राहणाऱ्याला २५ घ्यावा. तीन लिटरचा ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर तर शॉवरसाठी घेऊच नका: मिनिटाला ६ लिटर धारेला तो सलग फक्त ७ अंशांची वाढ देऊ शकतो.

पहिल्या काही लिटरांतच पाणी गार होत असेल तर गिझरच्या आत-बाहेरच्या नळ्या उलट जोडल्यात का बघा. निळी कडी थंडाची, लाल गरमची.

थर्मोस्टॅट वाढवणं हा माझ्या मते शेवटचा उपाय. बाहेर नॉब असेल तर ६० च्या आसपास ठेवा. नॉब खालच्या झाकणाच्या आत असेल तर आधी एमसीबी बंद, मगच झाकण. ६० च्या फार खाली कायम ठेवू नये, कोमट साठ्यात लेजिओनेलासारखे जिवाणू वाढतात. आणि ७० च्या वर नेलं तर जड पाण्यात एलिमेंटवर क्षाराचा थर भराभर चढतो, तापायला वेळ लागतो आणि वीज जास्त जाते. दर दोन वर्षांनी टाकी धुऊन घ्या, टाकी गंजू नये म्हणून आत असलेली मॅग्नेशियमची दांडी झिजली असेल तर बदला. टाकी पूर्ण भरल्याशिवाय, म्हणजे गरम नळातून सलग धार आल्याशिवाय, गिझर सुरू करू नका.

गच्चीवर सोलर असेल तर त्याचा एक वेगळा त्रास आहे. साध्या सोलरची टाकी हवेला उघडी असते, तिच्या आधी पंप बसवून गरम पाण्याचा दाब वाढवता येत नाही. थंड लाइनवर पंप असेल तर गरम कायम हरणारच. अशा वेळी थंडसुद्धा त्याच उंचीच्या टाकीतून नुसत्या उताराने घ्या, किंवा गरम पाण्याला चालणारा दुसरा पंप सोलरच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर लावा. शिवाय पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) पाइपात दर मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून बाथरूमपर्यंत २० मीटर लाइन असेल तर रोज सकाळी पाच लिटर गार पाणी आधी बादलीत घ्यावं लागणार. उघड्यावरच्या त्या पाइपाला १३ मिमी जाडीची नायट्राइल फोमची नळी चढवा आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा टेप गुंडाळा. नुसता फोम ठेवला तर आपल्याकडच्या उन्हात तो भुगा होऊन गळतो.